सुवर्णयुगाचा रकाना

रावसाहेबांच्या ओसरीवर सायंकाळी जी बैठक बसते तिच्यात पेशवाईतील तहनाम्यांपासून मृगाच्या पावसापर्यंत कित्येक विषयांचा काथ्याकूट झालेला मी आजवर ऐकला आहे. परंतु जे लोक कधी जन्मासच आले नाहीत, ज्यांची भाषा, लिपी, वंशावळी आणि युद्धे ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने एकट्याने, उभे आयुष्य खर्ची घालून रचली, त्या लोकांच्या भरभराटीचा काळ नेमका कोणता, या प्रश्नावरून सत्तरी उलटलेल्या दोन गृहस्थांत पुढ्यातला चहा निवेपर्यंत खडाजंगी व्हावी, हा प्रसंग मात्र माझ्या अनुभवात पहिलाच होता.

निमित्त झाले रावसाहेबांच्या नातीचे. जे. आर. आर. टोल्कीन यांनी कल्पिलेल्या 'मिडल-अर्थ' या जगाचा कालानुक्रम महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात लावण्याचे तिने अंगावर घेतले होते, आणि त्यासाठी जाड कागदावर पट्टीने रेघा ओढून 'घटना', 'पासून', 'पर्यंत' व 'शेरा' असे चार रकाने पाडले होते. शेवटचा रकाना अर्थातच आजोबांच्या संस्काराचा. १९५४-५५ साली तीन खंडांत निघालेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी, आणि लेखकाच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९७७ साली, त्याच्या मुलाने संपादून काढलेले 'द सिल्मरिलिऑन', ही दोन्ही पुस्तके तिने गेल्या पावसाळ्यात या दोघा वृद्धांकडून वाचवून घेतली होती. तक्ता सगळा भरला होता. एकाच ओळीत 'एल्फांचे सुवर्णयुग' एवढे लिहून पुढची जागा कोरी सोडलेली होती, आणि ती जागा तुम्ही दोघांनी मिळून भरा, असे बजावून मुलगी शिकवणीला निघून गेली होती.

दोघांची प्रकृती वाचकांनी ध्यानी घ्यावी. रावसाहेब महसूल खात्यात कारकुनीपासून मामलेदारीपर्यंत चढलेले. कादंबरीपेक्षा तिच्या अखेरीस जोडलेली सनावळीची परिशिष्टेच त्यांना अधिक रुचली होती. शास्त्रीबुवांची हयात संस्कृत शिकवण्यात गेली. पहिल्याला कागदावाचून काही खरे वाटत नाही, आणि दुसऱ्याला कागदावर उतरलेले सारेच थोडे उणे झाल्यासारखे वाटते. त्यांचे बोलणे मी जसे ऐकले तसे, निरर्थक पाल्हाळ तेवढा गाळून, पुढे देतो.

शास्त्रीबुवा : मला विचाराल तर ही जागा कोरी आहे तीच बरी आहे. हे एल्फ म्हणजे आपले गंधर्व नव्हेत आणि यक्षही नव्हेत. देहाने ते माणसासारखेच. पण त्यांना जरा नाही, व्याधी नाही. शस्त्राने अथवा असह्य शोकाने देह पडलाच, तरी जगाचा अंत होईपर्यंत जगाबाहेर पडण्याची वाट त्यांना नाही. मरण हे माणसाला परमेश्वराने दिलेले देणे आहे, असे हा ग्रंथकार मानतो. एल्फांच्या वाट्याला ते देणे आलेले नाही. तेव्हा आपण ज्याला भूतकाळ म्हणतो तो त्यांच्या बाबतीत झिजत नाही, पुसट होत नाही. अशा लोकांचे सुवर्णयुग एकच असू शकते, आणि ते म्हणजे पश्चिमेच्या देवभूमीत, व्हॅलिनोरमध्ये, दोन दिव्य वृक्षांच्या प्रकाशात त्यांनी घालवलेला काळ. एक वृक्ष रुपेरी, एक सोनेरी. प्रत्येकाच्या तेजाला सात तास भरती-ओहोटी. आणि एकाचे तेज मावळण्यापूर्वी तासभर आधी दुसऱ्याचे तेज जागे होई, त्यामुळे दिवसातून दोनदा चांदीचा आणि सोन्याचा असे दोन्ही मंद प्रकाश एकमेकांत मिसळत. त्या संधिकाळाहून अधिक सुंदर असे त्या जगात पुढे काहीही घडले नाही. मग 'पासून' आणि 'पर्यंत' यांचा खटाटोप कशाला?

रावसाहेब : खटाटोप एवढ्यासाठी की जमिनीचा उतारा हाती घेतला म्हणजे मी आधी 'कब्जेदार कोण' हे पाहतो. तुमच्या त्या प्रकाशाचा कब्जा कोणाकडे होता? देवांनी आपल्या भूमीभोवती पेलोरी नावाची उत्तुंग पर्वतरांग उभी केली होती. वृक्षांचा उजेड तिच्या आत. एका खिंडीतून काय थोडा किनाऱ्यावर सांडत असेल तेवढाच. ज्या एल्फांनी बोलावण्याला मान देऊन समुद्र ओलांडला ते उजेडात. जे वाटेत थांबले, जे आपल्या हरवलेल्या राजाचा शोध घेत अरण्यात मागे राहिले, किंवा ज्यांनी मुळातच निघण्याचे नाकारले, ते सगळे ताऱ्यांच्या अंधुक उजेडात. जात एक, पूर्वज एक. पण अर्ध्याअधिक लोकांनी तो उजेड डोळ्यांनी पाहिलाही नाही. याला तुम्ही एल्फांचे सुवर्णयुग म्हणता; मी याला इनामदाराच्या वाड्यातील रोषणाई म्हणतो. गावाला तिचे कौतुक असते, पण गावात दिवा लागत नाही.

शास्त्रीबुवा : उपमा झणझणीत आहे, पण ती दात्याला लागू पडते, भोक्त्याला नव्हे. निमंत्रण सर्वांना होते. जे आले नाहीत त्यांच्या न येण्याचा दोष पंक्तीवर कसा येतो? शिवाय सुवर्णयुगाची आपली स्वतःची व्याख्या काय, तेही पाहा. वनपर्वात हनुमंताने भीमाला चार युगांचे वर्णन सांगितले आहे. कृतयुगाला कृत का म्हणावे? तर त्या काळी जे करायचे ते सारे केलेलेच होते, करावयाचे म्हणून काही शिल्लक नव्हते. आणि त्याच प्रकरणात तो सांगतो की तेव्हा क्रय नव्हता आणि विक्रयही नव्हता. जेथे तराजू आला तेथे ते युग संपले.

रावसाहेब : उत्तम. आता तीच कसोटी तुमच्या व्हॅलिनोरला लावा. तेथे करायचे काही शिल्लक नव्हते काय? उलट त्या लोकांनी तेथे जेवढे केले तेवढे कोठेच केले नसेल. प्रथम रूमिल नावाच्या पंडिताने अक्षरे बसवली. मग फेअनोरने ती मोडून नवी, अधिक सुबक लिपी घडवली. त्यांनी रत्ने खाणीतून काढली तशी हातांनीही बनवली. आणि अखेरीस त्याच फेअनोरने दोन्ही वृक्षांचा प्रकाश कोंडून तीन सिल्मरिल घडवले. घडवीपर्यंत ठीक होते. पुढे त्यांचे काय केले? सणासुदीला ते कपाळी मिरवले, आणि एरवी बाप आणि मुलगे यांच्याखेरीज कोणाच्या दृष्टीस पडू नयेत असे कुलुपात घातले. वृक्ष शाबूत होते, प्रकाश रोज दोनदा मिसळत होता, आणि त्याच प्रकाशात या गृहस्थाने सावत्र भावाच्या छातीला तलवार लावली. त्यापायी त्याला १२ वर्षांची हद्दपारी झाली. म्हणजे शत्रूने वृक्षांचे प्राण घेतले ती तारीख आपण समाप्तीची धरतो खरी, पण दिवाळे त्याआधीच निघालेले होते. जाहीर तेवढे नंतर झाले.

शास्त्रीबुवा : शत्रूने कान भरले होते, हे विसरू नका.

रावसाहेब : भरले होते. पण रिकाम्या कानातच भरता येते, शास्त्रीबुवा. ज्या घरात वाटणीचा विचारच नाही, त्या घरात बाहेरच्या माणसाला वाटणीपत्र लिहिता येत नाही.

(शास्त्रीबुवांनी येथे चहाची कपबशी दूर सारली. ते चिडले म्हणजे असे करतात, आणि मग फार हळू बोलतात.)

शास्त्रीबुवा : फेअनोरचे समर्थन मी करणार नाही, किंबहुना त्याच्या अपराधाची जी जागा तुम्ही दाखवली नाही ती मीच दाखवतो. वृक्ष काळवंडून गेल्यावर वनस्पतींच्या देवतेने, यावान्नाने, सर्वांदेखत त्याला विचारले की तुझ्या रत्नांत कोंडलेला प्रकाश मला दे, म्हणजे ही मुळे सुकण्यापूर्वी मी वृक्ष पुन्हा जिवंत करीन. त्याने नाही म्हटले. त्या घटकेस रत्ने चोरीस गेलेली होती. त्याच्याजवळ देण्यासारखे काही उरलेच नव्हते, पण ते अजून कोणास ठाऊक नव्हते. म्हणजे त्याने होय म्हटले असते तरी वृक्ष वाचले नसते. तरीही ग्रंथकार सांगतो की त्याने होय म्हटले असते तर त्याची पुढची कृत्ये कदाचित वेगळी झाली असती. काय विलक्षण जागा आहे पाहा! देणे शक्य नव्हते. देण्याची तयारी मात्र शक्य होती. त्या एका नकारातून पुढे बंदरावरील आप्तवध झाला, जहाजे जाळली गेली आणि शेकडो वर्षांचे युद्ध उद्भवले. पण यावरून वृक्षांचा प्रकाश खोटा ठरतो काय? देवळातून मूर्ती चोरीला गेली म्हणून देव नव्हता असे कोणी म्हणत नाही. आणि तुमच्या सनावळीला तर मी येथेच थांबवतो. वृक्ष मेले तेव्हा रुपेरी वृक्षाला एक शेवटचे फूल आणि सोनेरी वृक्षाला एक शेवटचे फळ आले. त्यांचेच चंद्र आणि सूर्य झाले. म्हणजे सूर्याची वर्षे मोजणे हेच मुळी सुवर्णयुगानंतर सुरू झाले. सूर्यच नव्हता तेव्हाचे साल तुम्ही कोणत्या रकान्यात घालणार?

रावसाहेब : वा! हा मुद्दा मला सुचला नव्हता. पण तुम्ही त्याचा अर्धाच भाग वाचलात. जोवर वृक्ष जिवंत होते तोवर उजेड पर्वतांच्या आत होता. ते मेले आणि त्यांचे अखेरचे फळ आकाशात चढले, तेव्हा प्रथमच तो उजेड सगळ्यांच्या शेतावर पडला. देवांच्या उंबऱ्यावर कधी न गेलेल्यांच्याही, आणि नुकत्याच जागे झालेल्या माणसांच्याही. जिवंतपणी जे वाटले नाही ते मृत्युपत्राने वाटले गेले, असे म्हणा.

शास्त्रीबुवा : म्हणतो. त्यात माझी हानी नाही.

रावसाहेब : आता पुढचा दस्तऐवज, गोंडोलिन. हद्दपार एल्फांपैकी तुर्गोन राजाने डोंगरांच्या कड्यात लपवलेले हे शहर. १९१६ साली सोमच्या रणधुमाळीतून खंदकज्वर घेऊन परतलेल्या २४ वर्षांच्या संदेशवहन अधिकाऱ्याने आजारपणाच्या रजेत जी कथा लिहावयास घेतली ती या शहराच्या उदयाची नव्हे, तर पतनाची. मला ते पुरेसे बोलके वाटते. तुर्गोनने हे शहर आपल्या सोडून आलेल्या तिरिऑन नगरीच्या प्रतिमेवर बांधले, आणि राजवाड्याच्या आवारात स्वतःच्या हातांनी दोन झाडे उभी केली. एक सोन्याचे, एक चांदीचे. ग्लिंगाल आणि बेल्थिल.

शास्त्रीबुवा : ती जागा वाचताना माझे डोळे भरून आले होते, हे मी लपवीत नाही. राजा आहे, शस्त्रे आहेत, सैन्य आहे; आणि तो हातोडी घेऊन बसतो आणि लहानपणी पाहिलेल्या झाडाची पाने एकेक करून ठोकतो. स्मरणाची याहून मोठी पूजा कोणती?

रावसाहेब : पूजा मोठी, पण झाड वाढत नाही. सोन्याच्या झाडाची पाने गळत नाहीत, म्हणून नवी फुटतही नाहीत. जलदेवतेचा निरोप घेऊन तुओर नावाचा माणूस आला आणि त्याने सांगितले की आपल्या हातच्या कामावर फार जीव लावू नका, शहर सोडून समुद्राकडे निघा. राजाने ऐकले नाही. उलट डोंगरातील गुप्त वाटेचे तोंडच बुजवून टाकण्याचा हुकूम केला. ज्या वाटेने शत्रू येऊ नये, त्या वाटेने आपणही जाऊ नये. मग फितुरीने शहर पडले तेव्हा जे थोडे वाचले ते राजकन्येने दूरदृष्टीने खोदवून ठेवलेल्या भुयारातून वाचले. फिर्याद शत्रूवर लावायचीच. पण बुजवलेल्या दाराचा पंचनामाही व्हायला हवा.

शास्त्रीबुवा : बरे, मग तुमचे सुवर्णयुग कोठे आहे? मघापासून माझ्या मिळकतीवर बोजा चढवणे चालले आहे. तुमची मिळकत दाखवा.

(रावसाहेबांनी पुस्तकाचे अखेरचे पान काढले. तेथे पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.)

रावसाहेब : एरेगियन. दुसऱ्या युगाच्या ७५० व्या वर्षी एल्फ कारागिरांनी खझाद-दूमच्या पश्चिम अंगाला वसवलेला मुलूख. खझाद-दूम म्हणजे पुढे ज्याला मोरिया म्हणू लागले ती ड्वार्फांची भूमिगत नगरी. वसाहत का केली? तर डोंगरात मिथ्रिल नावाची मौल्यवान धातू लागल्याची बातमी आली म्हणून. स्वार्थ होता, मी नाकारत नाही. पण व्यवहारात स्वार्थ दोन्ही बाजूंचा असतो, आणि तो उघड असतो, एवढी त्याची प्रतिष्ठा. एल्फ आणि ड्वार्फ यांचे वैर जुने, रक्तापर्यंत गेलेले. तरीही या दोन वस्त्यांत जशी मैत्री झाली तशी त्या दोन जातींत कधीच झालेली नव्हती. आता त्या मैत्रीचा पुरावा पाहा. पुरावा दगडाचा आहे. डोंगराच्या गुळगुळीत कड्यात एक दार. मिटलेले असले म्हणजे सांधासुद्धा दिसू नये असे. घडवणारा नार्वी, हा ड्वार्फ. त्यावर अक्षरे आणि आकृती काढणारा केलेब्रिंबोर, हा एल्फ. आणि दोघांचीही नावे त्याच दारावर, एकाच लेखात. आमच्या दप्तरात दोन गावांची संयुक्त सही असलेला कागद मिळाला की समजावे, त्या साली पाऊस चांगला झाला होता.

शास्त्रीबुवा : आणि त्या दाराचा परवलीचा शब्द...

रावसाहेब : तेच तर. परवलीचा शब्द 'मित्र', आणि तो दारावरच लिहिलेला. पुढे पावणेपाच हजार वर्षांनी, तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली, जानेवारीच्या १३ तारखेस दिवेलागणीच्या वेळी गँडाल्फसारखा महापंडित त्या दारापुढे उभा राहतो. येईल त्या भाषेतले मंत्र म्हणून पाहतो आणि शेवटी काठी फेकून स्वस्थ बसतो. कारण त्याने लेखाचा अर्थ असा लावलेला की जो मित्र असेल त्याने गुप्त शब्द उच्चारावा. गुप्त काही नव्हतेच. चांगल्या दिवसांत ते दार बहुधा उघडेच असे, बाहेर द्वारपाल बसलेले असत, आणि मिटलेले असले तरी तो साधा शब्द म्हणणारा कोणीही आत जाई. ज्याला 'मित्र' म्हणता येते त्याला दार उघडे! याला मी सुवर्णयुग म्हणतो. देवाने दिलेले नव्हे, दोन शेजाऱ्यांनी मिळवलेले.

शास्त्रीबुवा : आणि त्याच जागी, दारापुढे, ड्वार्फ म्हणतो की मैत्री तुटली ती आमच्या चुकीने नव्हे, एल्फ म्हणतो, आमच्याही चुकीने नव्हे.

रावसाहेब : होय, आणि गँडाल्फ म्हणतो की मी दोन्ही कैफियती ऐकल्या आहेत. ३० वर्षे मामलेदार कचेरीत मी हेच करीत होतो!

शास्त्रीबुवा : (हसून) आता माझी उलटतपासणी. त्या दारावर आकृती कोणत्या आहेत? ड्वार्फांची ऐरण आणि हातोडा, वर मुकुट आणि सात तारे, हे तुमचे. त्यांच्या खाली काय आहे?

रावसाहेब : ...दोन झाडे.

शास्त्रीबुवा : दोन झाडे, आणि मधोमध अनेक किरणांचा एकच तारा, तो फेअनोरच्या घराण्याचा, कारण तुमचा केलेब्रिंबोर हा त्या फेअनोरचाच नातू. आणि ही सारी आकृती अशा धातूने रेखलेली की ती दिवसा दिसत नाही. चंद्राच्या आणि ताऱ्यांच्याच उजेडात उमटते. म्हणजे तुमच्या व्यापारी दारावर सही दोघांची असेल, पण शिक्का माझ्या व्हॅलिनोरचा आहे. ते तेज आजोबाने पाहिले नसते तर नातवाच्या हातात ते कसब कोठून आले असते? दुसरे. उघड्या दाराची तुम्ही एवढी महती गायलीत. त्या उघड्या दारातून आत कोण आले?

रावसाहेब : (जरा थांबून) सौरॉन. अन्नातार हे नाव घेऊन. सुमारे १२०० व्या वर्षी.

शास्त्रीबुवा : अन्नातार म्हणजे देणग्यांचा स्वामी. गिल-गालाद राजाने आणि एल्रोंडने त्याला दाराबाहेर ठेवले. तुमच्या कारागिरांनी मात्र पाट मांडला. १५०० च्या सुमारास अंगठ्या घडू लागल्या, १५९० च्या सुमारास तीन श्रेष्ठ अंगठ्या पुऱ्या झाल्या, आणि दहाच वर्षांनी त्याने त्या सर्वांवर हुकूमत चालवणारी आपली एक अंगठी ओतली. १६९७ साली एरेगियन उद्ध्वस्त, केलेब्रिंबोर ठार, आणि त्याच साली मोरियाची दारे बंद. 'मित्र' म्हणता येणे आणि मित्र असणे यांत अंतर असते, रावसाहेब. तुमचे दार शब्द तपासत होते, माणूस तपासत नव्हते.

(रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवीत गेली. नंतर त्यांनी चष्मा काढून पुसला.)

रावसाहेब : ही हार मी मान्य करतो, पण जप्तीपूर्वी एक तक्रार नोंदवून घ्या. तो आला तेव्हा त्याने कोणता माल विकला, हे पाहिलेत काय? मिथ्रिल नव्हे, धान्य नव्हे, हत्यारेही नव्हेत. तो म्हणाला, पश्चिमेस व्हॅलिनोर एवढे रमणीय आहे, मग हा तुमचा प्रदेश उजाड का राहावा? तुम्ही यालाही तसेच का करू नये? म्हणजे त्या दुष्टाने माझ्या कारागिरांना तुमचे सुवर्णयुग हप्त्याने विकले. खुद्द टोल्कीनने १९५१ च्या सुमारास एका प्रकाशकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात एल्फांचे हे दुखणे स्पष्ट केले आहे. त्यांना देवभूमीची शांती हवी होती, पण राहायचे होते या जुन्या पृथ्वीवरच, जेथे त्यांचा मान सर्वांत मोठा. म्हणून काळ थोपवण्याचा जो खटाटोप त्यांनी केला तो म्हणजे प्रेताला मसाले लावून ठेवण्यासारखाच. अंगठ्यांची शक्तीही मुख्यतः तीच. आहे ते झिजू नये. गोंडोलिनची झाडे आणि एरेगियनच्या अंगठ्या ही एकाच हव्यासाची दोन रूपे आहेत. फरक इतकाच की झाडे कोणाचे वाईट करीत नव्हती.

शास्त्रीबुवा : तुमचे म्हणणे असे की स्मरण हेच विष?

रावसाहेब : तसेच दिसते.

शास्त्रीबुवा : नाही. येथे मी तुम्हांला सोडणार नाही, कारण त्याच स्मरणाची दुसरीही वंशावळ ग्रंथात आहे आणि ती तुमच्या परिशिष्टाइतकीच काटेकोर आहे. व्हॅलिनोरमध्ये एल्फांना तो रुपेरी वृक्ष फार आवडे, म्हणून यावान्नाने त्याच्यासारखेच एक झाड त्यांना दिले. गालाथिलिऑन. रूप तेच, पण ते स्वतः प्रकाशत नव्हते. त्याचे रोप किनाऱ्यालगतच्या बेटावर गेले. त्या रोपाचे रोप एल्फांनी नूमेनोरच्या माणसांना, मरणाऱ्या माणसांना, भेट दिले, ते निम्लोथ. नूमेनोरचा राजा बिघडला तेव्हा त्या झाडावर कुऱ्हाड पडली. पण त्यापूर्वी इसिल्दूरने एका रात्री पहारा चुकवून, अंगावर वार घेऊन, त्याचे एक फळ चोरून आणले. त्या फळापासून गोंडोरच्या राजांचा शुभ्र वृक्ष. आणि तोही सुकून गेल्यावर, ३०१९ सालीच, अरागॉर्नला डोंगरावर बर्फाच्या कडेला त्याचे जेमतेम तीन फुटांचे रोप सापडते. प्रत्येक पिढीला तेज थोडे कमी, पण झाड जिवंत. स्मरण तेच, रावसाहेब, जे तुर्गोनच्या हातोडीत होते. मग एक सोने होऊन का पडले, आणि दुसरे कोंब होऊन का उगवले?

रावसाहेब : कारण... थांबा. कारण हे दुसऱ्याला दिले गेले.

शास्त्रीबुवा : बोला, बोला. तुमच्या तोंडून ऐकायचे आहे.

रावसाहेब : फेअनोरने प्रकाश कुलुपात ठेवला, तो चोरीस गेला. तुर्गोनने वाट बुजवली, शहर गेले. अंगठ्यांनी काळ अडवला. मोठी अंगठी वितळताच त्यांचेही बळ सरले आणि एल्फांना जहाजांत बसावे लागले. या सगळ्या खात्यांत जमा भरपूर, खर्च शून्य. आणि ज्यांनी एक रोपटे बेटावर, बेटावरून माणसांना, असे हातावेगळे केले त्यांच्याच खात्यात शेवटी शिल्लक दिसते. मरणाऱ्या माणसाला बी पेरावेच लागते, कारण झाडाची सावली आपल्याला मिळणार नाही हे त्याला ठाऊक असते. न मरणाऱ्याला ती गरज नाही. म्हणून त्याला पुतळा करण्याचा मोह होतो.

शास्त्रीबुवा : आणि दाराचेही तेच. शत्रू त्यातून आला हे खरे. पण दार उघडे ठेवणे हा अपराध नव्हता. अपराध हा की आत आलेल्याने जे देऊ केले ते केवळ आपल्यासाठी होते, दाराच्या पलीकडच्या कोणासाठीही नव्हते, हे घेणाऱ्यांनी ओळखले नाही.

रावसाहेब : बरे, तर आता रकाना. मी सुचवतो, ७५० ते १२००. वसाहतीपासून अन्नाताराच्या येण्यापर्यंत. सालांचा हिशेब एल्फांच्या पद्धतीने केला तर त्यांचे एक 'येन' म्हणजे आपली १४४ वर्षे. तेव्हा तीन येन आणि वर १८ वर्षे. अमर लोकांच्या मानाने हा काळ केवढासा, तर तीन वर्षांच्या पोराच्या वयाएवढा.

शास्त्रीबुवा : एवढ्याशा काळाला युग म्हणायचे?

रावसाहेब : दगडांना विचारा. पुढे जेव्हा गँडाल्फसह ते नऊ प्रवासी त्या ओसाड मुलुखातून जातात तेव्हा त्यांच्यातला एल्फ लेगोलास म्हणतो की येथील गवताला आणि झाडांना त्या लोकांची ओळख उरलेली नाही. आठवण राहिली आहे ती फक्त दगडांना, ज्यांना त्यांनी खोदले, घडले आणि उंच रचले. व्हॅलिनोरची आठवण ठेवायला देव आहेत, गोंडोलिनची ठेवायला कविता आहेत. एरेगियनला दगडांवाचून कोणी नाही. म्हणून ही ओळ मी त्याच्या नावे लावतो.

असे म्हणून रावसाहेबांनी नातीची पेन्सिल उचलली, 'पासून' खाली ७५० आणि 'पर्यंत' खाली १२०० असे स्वच्छ मोडीच्या वळणाचे आकडे घातले, आणि 'शेरा' या रकान्यात कचेरीच्या सवयीने एकच वाक्य लिहिले : 'दार उघडे होते तोवर.' तक्ता त्यांनी शास्त्रीबुवांकडे सरकवला. शास्त्रीबुवांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला. मग खोडरबर घेऊन ते दोन्ही आकडे सावकाश, कागद उसवणार नाही अशा बेताने पुसून टाकले. शेऱ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

रावसाहेबांनी त्या कोऱ्या झालेल्या दोन चौकटींकडे काही क्षण पाहिले, आणि निवालेला चहा एका घोटात संपवीत म्हणाले, "फेरफार मंजूर."